ताणा, घासा, आपटा. फक्त ओलं ठेवू नका

ऑलिंपिकची धावपट्टी मुळात घोड्यांसाठी बनली. थट्टा नाही. चिकटपट्टीवाल्या अमेरिकन थ्रीएम कंपनीचे सर्वेसर्वा विल्यम मॅकनाइट यांना शर्यतीच्या घोड्यांचा भारी नाद. मातीचा ट्रॅक म्हणजे पाऊस आला की चिखल आणि ऊन पडलं की दगड. कंपनीने पॉलियुरेथेनची जाडजूड, लवचीक पट्टी तयार केली, तिला 'टार्टन' नाव दिलं आणि १९६३ साली पेनसिल्व्हेनियातल्या 'द मेडोज' रेसकोर्सवर अंथरली. पाचच वर्षांनी, १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये त्याच जातीच्या पट्टीवर माणसं धावली. ऑलिंपिकमधला तो पहिला सिंथेटिक ट्रॅक. तोवर जगातले भले भले धावपटू कोळशाच्या राखेवर धावत होते! मेक्सिकोत जिम हाइन्सने १०० मीटर ९.९५ सेकंदांत मारलं आणि बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी घेतली. मेक्सिकोच्या उंचीवरची विरळ हवाही मदतीला होतीच, सगळं श्रेय ट्रॅकला देऊन चालणार नाही.

धावपट्टी किती मऊ असावी याचाही नियम आहे. पाय आपटल्यावर काँक्रीटवर जेवढा दणका बसेल, त्यातला ३५ ते ५० टक्के दणका ट्रॅकने गिळायला हवा. कमी गिळला तर गुडघे बोलू लागतात, जास्त गिळला तर पायातला जोर ट्रॅकमध्येच जिरतो. जेमतेम बारा-तेरा मिलिमीटर जाडीत हे गणित बसवायचं असतं.

(२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचा जांभळा ट्रॅक मात्र पॉलियुरेथेनचा नव्हता बरं का. तो व्हल्कनाइज्ड रबराचा. पॉलियुरेथेनवाल्यांसमोर हा विषय जपून काढावा.)

एका रेणूत दोन स्वभाव

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. गादीतला फोम, बुटाचा सोल, मोबाइलचं कव्हर, लेगिंगचा ताण, फोर्कलिफ्टचं चाक ही सगळी याच घराण्यातली मंडळी. घराण्याचे मूळ पुरुष ओटो बायर. १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेनला, वयाच्या पस्तिशीत त्यांनी ही रसायनविद्या शोधली. बायर कंपनीच्या संस्थापकांशी त्यांचं काडीचं नातं नव्हतं, आडनाव तेवढं जुळलं. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने नायलॉनची पेटंटं करकचून आवळून ठेवली होती, त्या कुंपणाबाहेरून जाणारी वाट जर्मनांना हवी होती. तिचा पुढे असा महामार्ग होईल असं तेव्हा कोणाला वाटलं असेल?

रबरासारखा ताणला जाणारा आणि प्लॅस्टिकसारखा टणक राहणारा तो पीयू इलास्टोमर. हे दोन्ही एकाच वेळी जमतं कसं? त्याच्या लांबलचक साखळीत आलटून पालटून दोन प्रकारचे तुकडे असतात. एक मऊ, वळवळणारा, लांब. दुसरा आखूड आणि ताठ. ताठ तुकड्यांना मऊ तुकड्यांची संगत आवडत नाही. शेजारच्या साखळ्यांमधले ताठ तुकडे एकमेकांना शोधतात, हायड्रोजन बंधांनी घट्ट बिलगतात आणि जागोजागी बारीक टणक पुंजके करतात. कोळ्याच्या जाळ्यात जसा धागा लवतो आणि गाठ धरून ठेवते, तसं हे काम चालतं. ओढलं की मऊ धागे सरळ होतात, सोडलं की गाठी सगळ्यांना परत जागेवर आणतात.

आता गंमत म्हणजे या गाठी किती, केवढ्या आणि कशाच्या, हे बनवणाऱ्याच्या हातात असतं. ताठ तुकड्यांचं प्रमाण वाढवलं की माल कडक, घटवलं की मऊ. पीयूच्या यांत्रिक गुणांची जी काही जादू पुढे येणार आहे, ती सगळी या एका किल्लीतून निघते. साध्या रबराला ही मुभा नाही. त्याला कडक करायचं तर काजळी घाला, गंधक वाढवा आणि मग ताण गमवा.

थर्मोप्लास्टिक जातीत, म्हणजे टीपीयूत, गाठी तापवल्या की सुटतात आणि थंड केल्या की पुन्हा बसतात. म्हणून टीपीयू वितळवून साच्यात मारता येतो. १९५० च्या दशकात बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या चार्ल्स शोलेनबर्गर यांनी हा प्रकार दाखवला तेव्हा रबरवाल्यांच्या भुवया उंचावल्या, कारण रबर एकदा 'शिजलं' की पुन्हा वितळत नाही हा त्यांचा वेदच होता.

सुई सांगते कडकपणा

कारखान्यात पीयू मागायला गेलात तर पहिला प्रश्न येतो, 'हार्डनेस किती?' उत्तर असतं, 'नव्वद शोअर ए.' हे शोअर म्हणजे अल्बर्ट शोअर, त्यांच्या उपकरणाचं नाव ड्युरोमीटर. खिशात मावणारं घड्याळासारखं यंत्र, खाली अडीच मिलिमीटर बाहेर आलेली बोथट सुई. मालावर टेकवून दाबायचं. सुई पूर्ण घुसली तर काटा शून्यावर, अजिबात घुसली नाही तर शंभरावर. हातातला रबर बँड तीसच्या आसपास येतो, गाडीच्या टायरचा पृष्ठभाग साठ-सत्तर, हँड पॅलेट ट्रकचं पीयूचं चाक नव्वदच्या पुढे. त्याहून कडक माल आला की 'ए' सोडून 'डी' मापाकडे वळायचं. त्याची सुई टोकदार आणि स्प्रिंग पाचपटीहून जास्त जोराची. पीयू या दोन्ही मापांवर ऐसपैस पसरलेला असतो: च्युइंगगमसारख्या लिबलिबीत मालापासून हेल्मेटसारख्या टणक मालापर्यंत. एका घराण्यात एवढी रेंज दुसऱ्या कोणाकडे आहे, सांगा!

आणि ताकद? साच्यात ओतलेल्या, म्हणजे कास्ट पीयूच्या चांगल्या मालाची ओढ सहन करायची शक्ती ४० मेगापास्कलपर्यंत सहज जाते. म्हणजे एक चौरस सेंटीमीटर छेदाच्या पट्टीला ४०० किलोच्या आसपास वजन टांगलं तरी ती तुटायला तयार नसते, आणि तुटण्याआधी मूळ लांबीच्या चार-पाच पट होते. धातू यापेक्षा मजबूत, रबर यापेक्षा ताणखोर. दोन्ही एकाच दुकानात मिळण्याची सोय इथेच.

चाळीस मीटर सँडपेपर

पण माझ्या मते पीयूचा खरा मर्दपणा ओढण्यात नाही, घासण्यात आहे. त्याची परीक्षाही बघण्यासारखी असते. फिरत्या दंडगोलावर ६० नंबरचा जाडाभरडा सँडपेपर गुंडाळायचा. १६ मिलिमीटर व्यासाचा रबरी तुकडा साधारण एक किलोच्या दाबाने त्यावर टेकवायचा आणि चाळीस मीटर घासायचा. किती घनमिलिमीटर माल उडाला ते मोजायचं. साध्या रबराचे शंभर-दीडशे सहज जातात. चांगल्या पीयूचे तीस-चाळीस.

खाणीत खडी आणि खनिज चाळणाऱ्या जाळ्या पीयूच्या असतात त्या म्हणूनच. टोकदार दगड पोलादावर आपटला की पोलादाचा कण काढतो. पीयूवर आपटला की पीयू दबतो, दगडाला उसळी देतो आणि पूर्ववत होतो. शहाण्याने भांडण टाळावं, तसं.

स्केटबोर्डला आलेली अक्कल

१९७० साली फ्रँक नॅसवर्दी नावाचा तरुण व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल गावी एका मित्राच्या वडिलांच्या कारखान्यात गेला. तिथे रोलर स्केटसाठी पीयूची चाकं बनत. स्केटवाल्यांना ती फारशी नको होती, कारण मऊ चाकं पळायला मंद. नॅसवर्दीने ती स्केटबोर्डला लावून पाहिली आणि त्याला जाणवलं की रस्त्यावर हाच मऊपणा कामाचा.

तोवर स्केटबोर्डची चाकं एक तर धातूची असत, नाही तर मातीच्या मिश्रणाची. एक खडा मध्ये आला की चाक जागीच थांबे, पोरगा पुढे जाई आणि गुडघ्याची साल रस्त्यावर राही. पीयूचं चाक खड्यावरून दबून जातं, वळणावर रस्ता पकडून ठेवतं, आणि तरीही झिजत नाही. मऊ असूनही न झिजणं, हे दोन्ही गुण एका चाकात एकत्र आले आणि खेळच बदलला. नॅसवर्दी कॅलिफोर्नियात गेला, 'कॅडिलॅक व्हील्स' या नावाने चाकं विकली, आणि दशकाच्या मध्यावर तिथे दुष्काळ पडून पोहण्याचे तलाव कोरडे झाले तेव्हा पोरं थेट तलावांच्या भिंतींवर चढली. मातीच्या चाकांवर ते धाडस कोणी केलं असतं?

दाबा, पण कोंबू नका

टूलरूमवाल्यांना माहीत असलेली आणि बाकीच्यांना चकवणारी गोष्ट: पीयू दाबला की त्याचा आकार बदलतो, आकारमान नाही. इलास्टोमरचा पॉइसन गुणक जवळजवळ ०.५, म्हणजे वरून जेवढा दाबाल तेवढा तो बाजूने फुगणार. भोसरी-चाकणच्या कुठल्याही प्रेस टूलमध्ये स्प्रिंगऐवजी पीयूचे मधाळ रंगाचे दंडगोल दिसतील. ते बसवताना भोवती फुगायला जागा ठेवावीच लागते. नवशिक्याने मापाबरहुकूम चपखल बसणारा खड्डा केला की दंडगोल लवायचं सोडून ठोकळा होऊन बसतो आणि मग प्रेस कुरकुरते.

हाच स्वभाव कामालाही लावतात. खालचा पोलादी डाय काढून टाकायचा, त्याजागी पीयूची जाड गादी ठेवायची आणि पत्रा वरून पंचने तिच्यात दाबायचा. गादी चहूबाजूंनी सारखा दाब देते, पत्रा पंचाचा आकार घेतो आणि त्यावर ओरखडा येत नाही. ही युक्ती रबराच्या गादीवर १९३० च्या दशकात डग्लस एअरक्राफ्टच्या हेन्री गेरिन यांनी वापरात आणली. विमानांचे पत्रे वळवायचे होते, दर वेळी महागडे डाय कोण करत बसणार? पीयू आल्यावर गादीचं आयुष्य वाढलं, एवढंच.

पहिल्या ताणाचा मान

पीयूची नवी पट्टी पहिल्यांदा ओढायला जेवढा जोर लागतो, तेवढा दुसऱ्यांदा लागत नाही. तीच पट्टी, तीच लांबी, पण दुसऱ्या खेपेला ती नरमलेली असते. ब्रिटिश शास्त्रज्ञ लिओनार्ड मलिन्स यांनी रबरावर याचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून हा मलिन्स परिणाम. पीयूत पहिल्याच ओढीत काही टणक पुंजके मोडतात, काही वळतात. म्हणून मोजमाप करणारे आधी चार-पाचदा ताणून घेतात आणि मगच आकडे लिहितात. पहिल्याच आकड्यावर माल पास करणाऱ्यापासून सावध राहा.

दुसरा प्रयोग ओठांवर करा. जाड रबर बँड झटकन ताणा आणि वरच्या ओठाला लावा. गरम लागतो. ताणलेल्या अवस्थेत थोडं थांबा, मग झटकन सैल सोडून लावा. गार. इंग्लंडमधल्या केंडलच्या जॉन गॉफ यांनी १८०५ साली हे छापलं, आणि ते लहानपणीच देवीच्या आजाराने दृष्टी गमावलेले गृहस्थ होते! निरीक्षण डोळ्यांनीच करायचं असतं असं कोण म्हणतो? पीयूचे मऊ तुकडेही असेच वागतात.

तापतो, पण आतून

इथे पीयूची खोड येते. दर वेळी दबून उठताना दिलेली सगळी ऊर्जा तो परत करत नाही, थोडी उष्णता म्हणून आत ठेवून घेतो. चाक हळू फिरत असेल तर काही बिघडत नाही. पण जड भार आणि वेग एकत्र आला की गाभा तापत जातो, आणि पीयू उष्णतेचा वाहक म्हणून अगदीच ठोंब्या असल्याने ती बाहेर पडत नाही. बाहेरून चाक ठणठणीत दिसतं आणि आत माल मऊ होऊन लोखंडापासून सुटत असतो. म्हणून चांगला चाकवाला आधी भार विचारतो आणि मग वेग विचारतो. 'जाड पट्टी द्या, टिकाऊ होईल' हा ग्राहकाचा आग्रह बऱ्याचदा उलटा पडतो, कारण जाडी वाढली की गाभ्यातली उष्णता आणखी अडकते. नेहमीच्या पीयूला कायमस्वरूपी ८० अंशांच्या वर ठेवणं म्हणजे त्याच्याशी वैर.

हृदयात लायक्राचा भाऊबंद

१९५८ मध्ये ड्यूपाँचे जोसेफ शिव्हर्स व्हर्जिनियातल्या वेन्सबोरोत स्त्रियांच्या अंग आवळणाऱ्या अंतर्वस्त्रांतल्या रबराला पर्याय शोधत होते. त्यातून लायक्रा आला: आपल्या लांबीच्या पाच-सहा पट ताणून पुन्हा जागेवर येणारा धागा. आजच्या स्ट्रेच जीन्समध्ये तो जेमतेम दोन टक्के असतो आणि तेवढ्यात बसता-उठता येतं.

पुढची कडी खरी मजेदार आहे. १९६७ मध्ये जॉन बोरेटोस आणि विल्यम पिअर्स या अमेरिकन संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात लिहिलं की अशाच मऊ-ताठ तुकड्यांच्या पीयूची शरीराच्या आत काम करायची लायकी आहे: रक्ताशी बरं जमतं आणि लाखो वेळा वाकवलं तरी तडे जात नाहीत. मग २ डिसेंबर १९८२ रोजी युटा विद्यापीठात शल्यविशारद विल्यम डेव्हरीज यांनी बार्नी क्लार्क या दंतवैद्याच्या छातीत जार्विक-७ हे कृत्रिम हृदय बसवलं. त्याच्या धडधडणाऱ्या कप्प्यांचं आवरण लायक्राच्या कुळातल्याच पीयूचं. क्लार्क त्यावर ११२ दिवस जगले, तेवढ्यात ते सव्वा कोटीहून जास्त वेळा धडधडलं. दोन आठवड्यांतच एक बिघाड झाला खरा, पण तो पीयूत नव्हता. मोडली ती कृत्रिम झडप. लवणाऱ्याने निभावलं, कडक होतं ते मोडलं.

पोहण्याच्या पोशाखात मात्र पीयूने इतकं निभावलं की हाकलून द्यावं लागलं. २००९ च्या रोम जागतिक जलतरण स्पर्धेत पीयूच्या पोशाखांत ४३ जागतिक विक्रम मोडले. अंग घट्ट आवळतो, पाणी शोषत नाही, तरंगायला मदत करतो, आणखी काय हवं? जर्मनीच्या पॉल बीडरमनने असाच पोशाख घालून २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये चक्क मायकेल फेल्प्सला हरवलं, १ मिनिट ४२ सेकंद. १ जानेवारी २०१० पासून असे पोशाख बंद, आता विणलेलं कापडच चालतं. तो विक्रम मात्र २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकलाही बधला नाही. म्हणजे विक्रम चालू, वस्त्र बाद!

लिफ्टची दोरी चपटी झाली

नव्या इमारतीत गच्चीवर लिफ्टची खोली दिसत नाही, त्यात पीयूचा वाटा आहे. २००० साली ओटिस कंपनीने 'जेन-टू' लिफ्ट आणली. त्यात जाड पोलादी दोराऐवजी ३ मिलिमीटर जाडीचा चपटा पट्टा, आत पोलादी तारा, वर पीयूचं वेष्टण. चपटा पट्टा लहान कप्पीवरूनही सहज वळतो, कप्पी लहान झाली की मोटर लहान होते, आणि मोटर लहान झाली की ती शाफ्टमध्येच मावते. वर तेल लावायची कटकट नाही.

सायकलवाल्यांसाठी: रेसिंग सायकलची बुटाइल ट्यूब १०० ग्रॅमच्या घरात, टीपीयूची ४० च्या आत. खिशात दोन ठेवल्या तरी कळत नाही. पंक्चर काढायला मात्र वेगळा पॅच लागतो.

पाण्याशी वैर

कपाटात वर्षानुवर्षं जपून ठेवलेले चांगले बूट लग्नाला घातले आणि सोल मंडपातच भुकटी होऊन गळाला, ही कथा कोकणात-मुंबईत घरोघरची. चुकलं कोणाचं? हवेतल्या दमटपणाचं. पीयूचे मऊ तुकडे दोन जातींचे असतात. पॉलिएस्टर जातीला तेल, फाटणं आणि घासणं यांची फिकीर नाही, पण पाणी तिचे एस्टर बंध एकेक करून तोडतं. साखळी आखूड होत गेली की ताकद जाते आणि एक दिवस सोल चुरा होतो. वापरले काय अन् ठेवले काय, हवेतला ओलावा आपलं काम करतच असतो. पॉलिइथर जातीला पाण्याची आणि बुरशीचीही भीती नाही, पण तेलात आणि ओरखड्यांत ती थोडी कमी. म्हणून पाण्यातल्या कामाला पॉलिइथर, तेलकट मशीनमध्ये पॉलिएस्टर. दुकानात बूट घेताना हे विचारून पाहा, विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

बनवतानाही पाणी हाच दुश्मन. पीयूच्या कच्च्या मालातलं आयसोसायनेट पाण्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. मुद्दाम केलं तर गादीचा फोम. नकळत झालं तर चाकात बुडबुडे, आणि बुडबुड्याभोवती पहिली चीर. म्हणून पावसाळ्यात कास्टिंगवाले पॉलिऑल हा दुसरा कच्चा माल तापवून, निर्वात करून त्यातला ओलावा काढतात आणि डबे उघडे ठेवणाऱ्या पोराला शिव्या घालतात. ही कच्ची रसायनं श्वासातही जाऊ द्यायची नसतात; दम्याचा त्रास कायमचा मागे लागू शकतो. साच्यातून बाहेर आलेला पक्का माल मग बिनधास्त हाताळा.

पिवळ्या कव्हराची कैफियत

शेवटी मोबाइलच्या पारदर्शक कव्हराकडे येऊ. ते टीपीयूचं, आणि सहा महिन्यांत पिवळं. बहुतेक स्वस्त टीपीयूत एमडीआय नावाचं आयसोसायनेट असतं आणि त्यात बेंझिनची कडी असते. उन्हातले अतिनील किरण तिला ऑक्सिजनशी बोलायला लावतात, त्यातून रंगीत संयुगं तयार होतात. गाडीच्या रंगावर लावायच्या महागड्या पारदर्शक फिल्ममध्ये बेंझिनची कडी नसलेलं आयसोसायनेट वापरतात, म्हणून ती वर्षानुवर्षं पारदर्शक राहते आणि म्हणूनच तिची किंमत ऐकून गाडीवाला दचकतो. वर तिच्यावरचे बारीक ओरखडे उन्हात किंवा गरम पाण्याने भरून निघतात, ताठ-मऊ साखळ्या पुन्हा सरकून जागा भरतात म्हणून.

तेव्हा कव्हर पिवळं पडलं की बेकिंग सोडा, टूथपेस्ट, लिंबू घेऊन तासभर घासत बसू नका. पिवळेपणा वर बसलेला मळ नाही, आतला रेणूच बदललाय. शंभर रुपये टाका, नवीन घ्या.